किती ओढायचं?

मिनेसोटात काही वर्षं काढली की माणसाला बोट घ्यावीशी वाटायला लागते. इथल्या नंबरप्लेटवर दहा हजार तळ्यांचा उल्लेख असतो. मोजायला बसलं तर दहा एकरांहून मोठी तळी ११,८४२ भरतात. चार-पाच महिने दगडासारखं गोठलेलं पाणी एप्रिलमध्ये हलायला लागतं आणि शेजारीपाजारी गॅरेजमधून ट्रेलर बाहेर ओढून टायरची हवा तपासायला लागतात. आपल्यालाही मग हात स्वस्थ ठेवता येत नाहीत.

बोट म्हटली की ती तळ्यापर्यंत ओढून न्यायला गाडी आली. कोणती गाडी, हा विषय आमच्या घरात मार्चपासून जेवणाच्या टेबलावर होता. नवऱ्याच्या मते तो गणिताचा प्रश्न. बोटीचं वजन काढा, तेवढं ओढणारी मिडसाइज एसयूव्ही शोधा, हप्ता बसतो का बघा. मला तो नैतिक प्रश्न वाटत होता. हे मोठ्यानं म्हटलं तेव्हा तो हसला. त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं, ते इथे देते.

आधी त्याचं गणित. त्याला हवी होती वीस फुटी बोरायडर, म्हणजे पुढच्या टोकातही बसायला जागा असलेली, मागे दोर बांधून पोरांना ट्यूबवर फरफटवणारी बोट. माहितीपत्रकात वजन ३,००० पौंड. हे वजन कोरडं असतं. त्यात ट्रेलरचे ९००, चाळीस गॅलन पेट्रोलचे २४० आणि नांगर, बॅटरी, लाइफ जॅकेट, दोर, बर्फाची पेटी वगैरे मिळवलं की आकडा साडेचार हजारांना टेकतो. मग अलीकडच्या मॉडेलांची यादी बघायची. टोयोटा हायलँडर पेट्रोलवर ५,००० पौंड ओढते, हायब्रिड घेतली तर ३,५००. होंडा पायलट चारही चाकं चालवणारी असेल तर ५,०००, नसेल तर ३,५००. किया टेल्युराइड आणि ह्युंदाई पॅलिसेड ५,०००, टो पॅकेज घेतलं तर फोर्ड एक्स्प्लोररही तेवढीच. निसान पाथफाइंडरची वरची मॉडेलं ६,०००, व्ही-६ इंजिनाची जीप ग्रँड चेरोकी ६,२००. निवड सोपी दिसते.

पण हा ५,००० आकडा येतो कुठून? अमेरिकेत त्यासाठी एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. ते २००८ मध्ये आलं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबानं आकडा छापायची. या मानकाची प्रसिद्ध कसोटी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर बेतलेली आहे. साधारण ११ मैलांत ३,००० फुटांहून जास्त चढ, बाहेर ३८ अंश सेल्सिअस, गाडीतला एसी पूर्ण जोरात, आणि मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. परीक्षा कडक आहे यात शंका नाही. फक्त त्या परीक्षेत गाडीत माणसं किती धरली आहेत? दोन. प्रत्येकी १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची. आमच्या घरात माणसं चार, शिवाय तळ्यावर निघताना डबे, टॉवेल आणि एखादं पाहुणं पोर. जाहिरातीतला आकडा दोन सडपातळ माणसांसाठी असतो आणि गाडी खरेदी होते कुटुंबासाठी.

दुसरी गोष्ट मला गाडी विकणाऱ्या माणसाआधी गावातल्या उसाच्या गाड्यांनी शिकवली होती. आमच्या शिरोळकडे बैलगाडी भरताना दोन शब्द सतत कानावर यायचे, धुरजड आणि उलाळ. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. मागे जास्त झाला की उलाळ, जू वर उचललं जातं आणि बैल अधांतरी लटकायची वेळ येते. ट्रेलरचं शास्त्र अगदी हेच आहे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रेलरच्या पुढच्या टोकावरून गाडीच्या हुकावर यावा लागतो. कमी आला की ताशी ६० मैलांवर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की गाडीलाही सोबत नेतो. पुरेसा आला तर तो भार गाडीतल्या माणसांच्या आणि सामानाच्या वाट्यातून वजा होतो. ५,००० पौंडांमागे कमीत कमी ५०० पौंड, म्हणजे तीन माणसं मागच्या हुकावर बसल्यासारखं.

एवढ्यावर नवरा म्हणाला, "बघ, म्हणजे अजून मोठी गाडी घ्यायला हवी."

त्याचं म्हणणं चूक नाही, आणि नैतिक प्रश्नाचा पहिला अर्धा भाग त्याच्याच बाजूचा आहे. क्षमतेच्या काठावर जाऊन ओढणं म्हणजे आपल्या हौसेचा धोका शेजारच्या लेनमधल्या अनोळखी माणसाच्या गळ्यात घालणं. त्याला आपल्या बोटीशी काही देणंघेणं नाही. म्हणून इथले अनुभवी लोक आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच जातात, आणि ते बरोबर करतात. लहान गाडीनं जड बोट ओढणाऱ्याला मी साधा राहणारा म्हणणार नाही, तो बेफिकीर आहे.

दुसरा अर्धा भाग तळ्यापासून लांब, आमच्या गल्लीत आहे. बोट वर्षातून किती दिवस ओढणार? आम्ही प्रामाणिकपणे मोजलं. मे अखेर ते सप्टेंबर, त्यातले पावसाचे शनिवार, भारतातून आईबाबा आलेले असतील ते आठवडे आणि पोरांचे वाढदिवस वजा केले, तर बारा दिवस. उरलेले ३५३ दिवस तीच गाडी शाळेच्या बसथांब्याजवळून, किराणा दुकानाच्या पार्किंगमधून, बर्फाच्या ढिगाऱ्यांनी अरुंद झालेल्या वळणांवरून रिकामी फिरणार.

अमेरिकेत २००९ साली ४,१०९ पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ साली ७,५२२. याची कारणं बरीच आहेत, रुंद सरळ रस्ते, वेग, अंधार, फोन. सगळं गाड्यांच्या आकारावर ढकलणं खोटेपणाचं होईल. पण आकाराचाही वाटा आहे. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनं २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या जवळपास १८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच असलेल्या गाडीच्या धडकेत माणूस मरण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या, उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. मधल्या उंचीच्या गाड्यांतही तोंड भिंतीसारखं सपाट असेल तर धोका वाढतो. ४० इंच म्हणजे किती, हे मी धाकटीला दाराच्या चौकटीशी उभं करून पाहिलं. चार वर्षांचं मूल साधारण तेवढंच असतं.

इथे मला माझ्या आजोळच्या शेजारच्या काकू आठवल्या. काकू जैन होत्या. चातुर्मासात सकाळी उठून त्या मोजून ठरवायच्या, आज अमुक इतकेच पदार्थ, इतकीच वस्त्रं, आज नदीच्या पलीकडे जाणार नाही. आम्हा पोरांना तो खेळ वाटायचा. पुढे कळलं की गृहस्थ श्रावकासाठी बारा व्रतांची व्यवस्था आहे आणि ती सोडण्यापेक्षा मोजण्यावर उभी आहे. संसार करा, शेती करा, व्यापार करा, पण परिमाण ठरवा. त्या बारांत अनर्थदंड टाळण्याचं एक व्रत आहे. अनर्थदंड म्हणजे ज्याला प्रयोजन नाही अशी हिंसा. नांगर चालवताना जीव मरतात हे शेतकऱ्याला चुकत नाही, त्यामागे पोटाचं प्रयोजन असतं. प्रयोजनच नसताना आपल्या वागण्यानं जी इजा होते तिचा हिशेब वेगळा मांडलेला आहे. गरजेपेक्षा जास्त उपभोगाची साधनं बाळगणं हा या व्रतातला दोष धरला आहे. श्वेतांबर परंपरेत आणखी एक दोष येतो, संयुक्ताधिकरण. उखळाला मुसळ, गाड्याला जू, धनुष्याला बाण अशी साधनं जोडून तयार ठेवू नयेत.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा ही कल्पना मला तऱ्हेवाईक वाटली होती. उखळ-मुसळ वेगळं ठेवून कोणाचा जीव वाचणार? ३५३ दिवसांच्या संदर्भात ती एकदम नीट बसली. हायवेवर बोट ओढताना त्या दोन टन लोखंडाला प्रयोजन आहे. ते उंच तोंड आणि ते वजन तेव्हा काहीतरी काम करतंय. मंगळवारी सकाळी दूध आणायला जाताना तेच वजन आणि तेच तोंड रस्त्यावर आहे, काम मात्र नाही. धोका जिथल्या तिथे आणि अर्थ गेलेला.

नवऱ्याचा पुढचा मुद्दा कच्चा नव्हता. तो म्हणाला, "आपण एक गाडी छोटी घेतली म्हणून ७,५२२ चे ७,५२१ होणार आहेत का?" बहुधा नाही. पण रोज सकाळी बसथांब्याच्या वळणावर स्टिअरिंग माझ्याच हातात असतं. तिथे देशाचा आकडा फिरत नाही, ठरावीक सात-आठ मुलं उभी असतात आणि त्यातल्या दोघांची नावं मला माहीत आहेत.

खरं तर जास्त ओढायला गाडी उंचच लागते, हेही पूर्ण खरं नाही. होंडा सीआर-व्ही अमेरिकेत १,५०० पौंड, म्हणजे जेमतेम ६८० किलो ओढायच्या लायकीची मानली जाते. युरोपात याच नावाची डिझेल गाडी दोन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायला मान्यताप्राप्त होती. इंजिन वेगळं होतं हे कबूल. पण बाकीचा फरक रिवाजाचा आहे. तिकडे हुकावरचा भार कमी ठेवतात आणि ट्रेलर ओढणाऱ्यानं सावकाश जायचं असतं, जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर. अमेरिकेतही कॅलिफोर्निया ट्रेलरवाल्यांना ५५ मैलांवर थांबवतं, पण इतरत्र लोक मागे बोट घेऊन सत्तरनं सुटतात. ओढण्याच्या आकड्यात वेग दडलेला असतो. जास्त पौंडांची गाडी घेताना आपण थोडीफार आपली घाईही हप्त्यानं विकत घेत असतो. (याचा अर्थ इथल्या गाडीवर युरोपचा आकडा लावून बोट जोडावी असा कोणी काढू नये. हातातल्या गाडीचं पुस्तक सांगेल तेच खरं.)

आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे आधी पाय पसरतात, मग ७२ हप्त्यांवर तेवढं अंथरूण आणतात. वीस फुटी बोट आधी मनात भरते, मग तिच्या मापाची गाडी, गाडीच्या मापाचं गॅरेज. आम्ही क्रम उलटा करून पाहिला. ३५३ दिवसांसाठी कोणती गाडी पुरे, ती किती ओढते, आणि तेवढ्यात कोणती बोट बसते?

यातही एक फसवणूक टाळावी लागली. हायलँडर हायब्रिड घेऊन सात्त्विक वाटून घेता आलं असतं, कमी पेट्रोल, कमी पौंड. पण पत्रा तोच, बॉनेट तेच. बसथांब्यावरच्या पोराला आत कोणतं इंजिन आहे याचा काय उपयोग? शेवटी मिडसाइज वर्गच सोडला. टर्बो इंजिनाची जुनी सुबारू आउटबॅक मिळाली. तिला एसयूव्ही म्हणावं की स्टेशन वॅगन यावर विकणाऱ्याचंही एकमत नव्हतं, पण ती ३,५०० पौंड ओढते आणि तिचं नाक खाली आहे. बोट सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची, ट्रेलर आणि सामानासकट २,००० पौंडांच्या आत. गाडीच्या पुस्तकात १,००० पौंडांपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत असं लिहिलंय, म्हणून ट्रेलरला ब्रेक बसवून घेतले. त्याचे पैसे टोचले.

नवरा पूर्ण खूश नाही. सोळा फुटीत दोन कुटुंबं मावत नाहीत, आणि चार मित्रांना घेऊन तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद करून बसायचं त्याचं स्वप्न होतं. ते स्वप्न फालतू आहे असं मला वाटत नाही. आनंद हेही प्रयोजनच आहे, काकूंच्या व्रतांतही ते नाकारलेलं नाही. म्हणून एक शनिवार राखून ठेवलाय. त्या दिवशी तळ्यावरच मोठी पाँटून बोट तासांवर भाड्यानं घ्यायची. मुलं मोठी झाल्यावर सोळा फुटी पुरणार नाही, हा त्याचा दावाही खरा ठरू शकेल. तेव्हाही आधी घरसामान हलवायला पिकअप भाड्यानं देणाऱ्यांकडे जाऊ. त्यांच्या पिकअपला हूक असतो. ती आमच्या कोणत्याही गाडीपेक्षा उंच असेल, पण संध्याकाळी परत जाईल.

बोट नसताना हुकाचा लोखंडी गोळा गाडीच्या मागे तसाच ठेवायची इथे पद्धत आहे. पार्किंगमधून जाताना अनेकांच्या नडगीला तो लागतो, मागून कोणी हळू आदळलं तरी पहिला तोच घुसतो. एक पिन ओढली की तो निघतो, अर्धं मिनिटही लागत नाही. रविवारी रात्री बोट लावून झाली की धाकटी ती पिन ओढते आणि मी गोळा गॅरेजच्या फळीवर ठेवते. वंगणानं हात काळे होतात.