करीराचा वसंत

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहत. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, तेव्हा आलेल्या मराठी घराण्यांपैकीच त्यांचे घराणे. भर्तृहरीचे नीतिशतक गुरुजींना मुखोद्गत होते, वामनपंडितांच्या मराठी श्लोकांसकट. घरात काहीही घडो, त्यावर एक श्लोक हजर असे.

गुरुजींना दोन नातू. थोरल्याने बक्षिसांनी कपाट भरले होते. धाकट्याचे मात्र पुस्तकात चित्त लागत नसे. कॅमेरा गळ्यात अडकवून तो कधी किल्ल्यावर, कधी फुलबागेत भटके. त्याचा निकाल लागला की गुरुजी उसासा टाकत.

"वसंत सगळ्यांना पालवी देतो. करीराच्या झाडाला पान फुटत नाही, त्यात वसंताचा काय दोष? भर्तृहरी सांगून गेलाय, कपाळी लिहिलेलं कुणाला पुसता येत नाही."

करीर म्हणजे आपण, हे धाकट्याला समजत असे. पण हे झाड असते तरी कसे, हे घरात कुणालाच सांगता येईना. गुरुजींनीही ते श्लोकातच पाहिले होते.

त्यांच्या दारावर मुरैनेकडची एक भाजीवाली येई. उन्हाळ्यात ती लोणच्यासाठी हिरव्या टेंटी आणी. धाकट्याने तिला करीराविषयी विचारले, तशी ती हसली.

"करील म्हण की! तुझी आजी दर वर्षी टेंटी घेते ना, ती त्याच झुडपाची. होळी झाली की ये आमच्या गावी, दाखवते."

चैत्र लागताच धाकटा गेला. गावाबाहेर चंबळचे बीहड पसरले होते. पावसाने कोरलेल्या मातीच्या घळी, वर तापू लागलेले आभाळ. घळीच्या काठावर बाईने बोट दाखवले. काटेरी, गुंतलेल्या हिरव्या काड्यांचे ते झुडूप होते. त्यावर पान शोधूनही सापडेना. पण काडी न् काडी विटकरी लाल फुलांनी लगडली होती. फुलांतून लांब केसर बाहेर आले होते आणि भोवती मधमाश्यांची झुंबड होती.

"पानं का नाहीत याला?" त्याने विचारले.

"कोवळ्या फांदीला येतात इवलीशी, पण लगेच गळतात. पानं सांभाळायची तर पाणी लागतं, बेटा. इथं कुठलं आलंय? म्हणून फांद्याच हिरव्या राहतात आणि पानांचं काम करतात."

माथ्यावरच्या उन्हात लाल फुलांचे बारकावे हरवतात, हे धाकट्याला ठाऊक होते. म्हणून त्या रात्री तो गावातच राहिला आणि पहाटे पुन्हा घळीवर गेला. सूर्य झुडपामागे येईल असा तो जमिनीवर पालथा पडला. तिरप्या उजेडात काटे आणि केसर उजळले, तेव्हा त्याने फोटो काढला.

घरी आल्यावर तो फोटो त्याने गुरुजींपुढे ठेवला. गुरुजी चष्मा पुसून पाहत राहिले.

"सुरेख! कुठलं रे हे झाड?"

"करीर, आजोबा. परवाच काढला, चैत्रात. तुम्ही रोज जेवताना टेंटीचं लोणचं मागून घेता ना, ती टेंटी याचीच."

गुरुजींनी फोटो पुन्हा हातात घेतला. त्यावर पान कुठेच नव्हते, श्लोक खोटा नव्हता.

"कवीनं पानाचंच विचारलं," ते म्हणाले, "आणि मीही जन्मभर मुलांना पानाचंच विचारत आलो. फुलाचं कधी विचारलंच नाही. फळ मात्र रोज खात होतो."

पुढच्या निकालाच्या दिवशी त्यांनी धाकट्याचे गुण पाहिले. जिथे कमी होते तिथे कमी म्हणून सांगितले. मग श्लोक न म्हणता विचारले, "आणि यंदा फोटो कशाचे काढलेस? आण बघू."

तात्पर्य : जे नाही तेच विचारत राहणाऱ्याला समोर असलेलेही दिसत नाही. माणसाची पारख करताना त्याला काय फुलते, ते आधी पाहावे.