माझं मागणं शेवटी ऐक

देवा,

पहाटे चारला तुझ्याकडे गर्दी असते, ठाऊक आहे मला. काकडआरतीवाले असतात, दूधवाले असतात, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेले असतात. त्यात आता माझी भर. मी यवतेश्वरच्या घाटात स्कूटर चालवत असते. मागे हे, पाठीवर माझ्या कॅमेऱ्याची बॅग, मांडीवर आडवा ट्रायपॉड, आणि डोळे मिटलेले. ह्यांना फोटोंत काडीची गोडी नाही; अंधारात एकटीला सोडवत नाही म्हणून येतात. तेव्हा पहिलं मागणं घाटाचं. धुकं दाट असेल तर समोरून येणाऱ्याने दिवा लावलेला असू दे. बाकीचं वर पोचल्यावर बोलू.

कॅमेरा गेल्या दसऱ्याच्या तोंडावर घरात आला. खंडेनवमीला विळी, शिवणाचं मशीन, ह्यांचे पाने-पकडी मांडले, त्या ओळीत तोही ठेवला. झेंडू वाहिला. कुंकू मात्र पट्ट्याला लावलं, भिंगाच्या जवळ बोट नेलं नाही. त्या दिवशी तुझ्याकडे काही मागितलं नाही, कारण काय मागायचं असतं तेच माहीत नव्हतं. आता ऋतूंचं एक चक्र पुरं होत आलंय आणि माझी यादी लांबलीय.

आधी आभार मानते. शाळेत उत्तरायण शिकले होते, पण ते तिळगुळापुरतं. अजिंक्यताऱ्यावर एकाच दगडाशेजारी ट्रायपॉड लावत गेले तेव्हा ते डोळ्यांनी दिसलं. डिसेंबरात सूर्य पार आग्नेयेकडे सरकलेला, जून येईतो ईशान्येला. आमच्या साताऱ्याच्या अक्षांशावर या दोन टोकांमध्ये जवळजवळ पन्नास अंशांचं अंतर पडतं. पौषात तो सात वाजून गेल्यावर वर येतो, ज्येष्ठात सहाच्या सुमाराला. इतकी वर्षं याच गावात राहून मी त्याला ‘पूर्वेला उगवतो’ एवढ्यावर सोडून दिलं होतं.

आणि तुझा उजेड माझ्या यंत्रात मावत नाही, त्याबद्दलही आभार. आकाश नीट घ्यावं तर दरी काळी पडते, दरी उजळावी तर आकाश जळून पांढरं होतं. माझे डोळे मात्र दोन्ही एका दमात पाहतात. चोवीस मेगापिक्सेलच्या मशीनला जे जमेना ते मला जन्मापासून फुकट मिळालेलं, आणि त्यावर मी आजवर चष्म्याच्या नंबराची तक्रार करत आले.

आता खरं बोलायचं ते. थंडीत एके दिवशी आभाळ भरून आलं. थराथरांचे ढग, मधून तिरकी किरणं, खाली माळावर उजेडाचे तुकडे सरकताहेत. मी वरून तुला हात जोडले. उतरताना टपरीवर चहा घेत होतो, तर शेजारचे एक बाबा आभाळाकडे बघत म्हणाले, “आलं बघा हे. आता ज्वारीवर मावा पडणार.” कप हातात तसाच राहिला. एकाच ढगाबद्दल त्या सकाळी तुझ्याकडे दोन अर्ज आले होते, एक ठेवण्याचा आणि एक घालवण्याचा. तू माझा मंजूर केलास असं मला वाटत होतं. खरं तर तू कुणाचाच केला नसशील. ढग आपल्या वाटेने आला होता. पण तेव्हापासून मागताना जीभ जरा अडखळते.

कारण नंतर पाहत गेले तर सगळीकडे तेच. फाल्गुनात डोंगर पेटतात. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने कुणी काडी लावतो, कुणाची विडी पडते, आणि रात्री उतारावर लाल रेघ वळवळत वर चढते. अंधारात तीस सेकंद शटर उघडं ठेवलं की ती रेघ अशी उमटते की बघणाऱ्याच्या तोंडून ‘वा’ निघतं. मी ट्रायपॉडचे पाय उघडत होते तेव्हा हे बाजूला उभे राहून वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन लावत होते. कुठला डोंगर, कुठून दिसतोय, वारा कुठला, सगळं सांगत होते. देवा, त्या फोटोचं कौतुक झालं आणि अजून होतं. त्यात जमिनीवर अंडी घालणारी पाखरं दिसत नाहीत, सरडे दिसत नाहीत. मी तो पुसून टाकलेला नाही, टाकणारही नाही. तुला एवढंच विचारते, की तो पाहताना ‘सुंदर’ म्हणावं की नाही हे ठरवायला मला लागेल तेवढा वेळ दे, घाईने उत्तर देऊ नकोस.

वैशाखात वळीव येतो. काळंनिळं आभाळ, त्याखाली पिवळं ऊन, असा रंग तू वर्षात पुन्हा वापरत नाहीस. त्याच आभाळातून गारा पडतात आणि आंब्याच्या झाडाखाली कैऱ्यांचा खच होतो. बामणोलीला उन्हाळ्यात कोयनेचं पाणी खाली जातं आणि काठाच्या उतारावर एकाखाली एक रेघा उघड्या पडतात. मी त्या रेघा आडव्या धरून, कडेला एक होडी घेऊन, फार नेटकी चौकट केली होती. होडीवाला म्हणाला, ते बांध आहेत, शेतांचे. धरण साठच्या दशकात पुरं झालं, गावं उठली, माणसं लांब लांब जाऊन वसली; बांध मात्र दरवर्षी वर येऊन बघून जातात. हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, वल्हं मारता मारता. तेव्हा देवा, माझ्या चौकटीत जे नेटकं दिसतं ते कुणाचं काय होतं, हे सांगणारं एखादं माणूस दरवेळी जवळ असू दे. नसेल तर विचारायची बुद्धी दे.

पावसाळ्याबद्दल थोडी तक्रार आहे. आषाढात कपाटातले बूट हिरवे होतात ते मी सोसते, पण भिंगाला बुरशी नको. हवाबंद डबा आहे, सिलिका जेलच्या पुड्या आहेत, पुढचं तू बघ.

तारळ्याच्या वर सडावाघापूरला मात्र तू मला हसवलंस. पाणी कड्यावरून दरीत उडी घ्यायला निघतं आणि खालून येणारा वारा ते उचलून पुन्हा सड्यावर फेकतो. माणसं खाली बघायला येतात आणि डोक्यावरून भिजून जातात. मी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं, थेंब हवेत थांबले. दोन सेकंदांवर ठेवलं, पांढरा पडदा झाला. दोन्हींत एक गोष्ट निसटली: पाणी वर चाललंय की खाली, हे फोटो सांगेचना. घरी दाखवला तर धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, “छान आलंय ठोसेघर.” देवा, मी तिथे काय पाहिलं ते तू पाहिलंस. तेवढ्यावर माझं समाधान होऊ दे.

भाद्रपदात कास. याबद्दल मागायचं ते बरंच आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारसा यादीत गेलं आणि रविवारी तिथे काय गर्दी होते ते तू वरून पाहतोसच. फुलं बघायला यावं, येऊ दे सगळ्यांना. मी काय वेगळी आहे? पण जांभ्याच्या सड्यावर माती किती, तर कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. त्या मातीत दम नाही म्हणून सीतेची आसवं बारीक जीव धरून खाते, आणि तिचे सापळे असतात खाली, ओल्या मातीत, कुणाच्याही फोटोत न येणारे. वर दिसतो तो फक्त निळा-जांभळा नाजूकपणा. एवढ्याशा फुलाचा चांगला फोटो हवा तर कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो आणि बाईमाणसाला पोटावर पडावं लागतं. पडायचं कुठे? जिथे पडेन तिथेही काहीतरी उगवतंय. मला दरवेळी एक उघडा कातळ दाखव, माझ्या लांबीरुंदीचा. नसेल तिथे उभ्यानेच पाहून परत फिरेन, तेवढं बळ दे.

टोपली कारवी सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. पुढच्या बहराला हे गुडघे पार्किंगपासून पठारापर्यंत चालण्याच्या लायकीचे राहू देत. ह्यांचेही.

आणि मोह आवर. कॉम्प्युटरवर एक पट्टी सरकवली की तुझा हिरवा अधिक हिरवा होतो. श्रावणातल्या हिरव्यात काय कमी होतं, म्हणून मी तो वाढवायला बसते, कळत नाही. दुसरी सोय तर याहून वाईट. बोट फिरवलं की चौकटीतलं नको ते पुसलं जातं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पुसता येतात. विजेच्या तारा, रस्त्यावरची जीप, डोक्यावर मोळी घेऊन चाललेली बाई, सगळं पुसता येतं आणि मागे उरतो तो निर्मनुष्य सह्याद्री, जसा तो कधीच नव्हता. पठारावर गुरं चरत म्हणून गवत माजत नसे आणि फुलांना जागा राहत असे, असं तिथली जुनी माणसं सांगतात. म्हणजे ज्या म्हशी चौकटीतून जाण्याची वाट पाहत मी ताटकळते, त्यांच्याच कृपेने ती फुलं असतील. त्या बाईला, म्हशीला, पवनचक्कीला माझ्या हातून पुसू देऊ नकोस. पान-तंबाखूच्या पुड्या मात्र मी फोटोतून पुसणार नाही, उचलून आणणार; पिशवी बरोबर असते.

आता आश्विन आहे. खाचरांत भात पिवळं झालंय, काही ठिकाणी कापून आडवं पडलंय. येत्या रविवारी आम्ही पुन्हा निघणार. निरभ्र आकाशाचा फोटो कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही, तेव्हा मला ढग हवेत. वर ढग आणि पूर्वेला क्षितिजापाशी चार बोटं मोकळी फट, म्हणजे उगवता उजेड खालून ढगांच्या पोटाला लागतो. दहा मिनिटं पुरतात. पण भात अजून शेतात असेल तर हा अर्ज सगळ्यांच्या खाली ठेव. भिजलेल्या पेंढ्या उलट्यापालट्या करणाऱ्या माणसांच्या आधी माझा नंबर लावू नकोस. भात घरात गेलं असेल, दुसऱ्या कुणाचं काही अडत नसेल, तर चार बोटं. तीन दिलीस तरी मी लेन्स बदलून भागवून घेईन.