डावे दार आणि उजवे दार
डेव्ही रेडन या अमेरिकन तरुणाने २०११ साली विनामूल्य दिलेला ‘द स्टॅनली पॅरेबल’ हा संगणकावरचा खेळ आम्ही नुकताच खेळून पाहिला. नायक आमच्यासारखाच कचेरीतला माणूस, क्रमांक ४२७. वाटेत दोन दारे लागतात. स्टॅनली डाव्या दाराने गेला, असे निवेदक सांगतो. त्याचे शब्द निमूटपणे पाळीत गेल्यास शेवटी स्टॅनली मुक्त झाल्याचे तोच जाहीर करतो! उजवीकडे वळावे, तर तो रुसतो. परंतु त्या वळणाचीही कथा रचलेलीच असते. मग ही अवज्ञा कसली? जिचे पारितोषिक आधीच ठरले आहे, ती आज्ञापालनाचीच दुसरी तऱ्हा होय. वरिष्ठांच्या मताविरुद्ध टिपणी लिहिताना आमचा हात थबकतो, कारण तेथे पुढचे कोणीच रचून ठेवलेले नसते. खरे उजवे दार तेच. आणि ते आम्ही किती वेळा उघडले?