किती फुटांची भीती?

लग्न ठरवताना आपल्याकडे पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, उंची, शिक्षण, पगार सगळं पाहतात. मंगळ निघाला तर त्याची शांत करतात. पण मुलगा कशाला भितो आणि मुलगी कशाला भिते, याची चौकशी एखाद्या चोखंदळ मामानं केल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. वास्तविक ज्या दोन जिवांना पुढची चाळीस वर्षं एका छपराखाली काढायची आहेत, त्यांच्या आवडी नाही जुळल्या तरी भागतं. एकानं श्रीखंड खावं, दुसऱ्यानं बासुंदी. भीतीचं तसं नाही. पाल पाहून एक किंचाळला आणि दुसरा हसला, की संसाराला तिथंच बारीकशी चीर पडते.

मी साताऱ्याचा आणि ही सांगलीची. दोन्ही मुलुख एकाच कृष्णेचं पाणी पितात, पण दोघांची भीती वेगळी. आमच्याकडची भीती भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. फळीवरची भांडी खाली आली आणि वडील मला उचलून अंगणात आले. त्या भीतीला ना आगाऊ सूचना, ना पूर्वतयारी. सांगलीची भीती पुराची. ती शिस्तीत, पायरीपायरीनं येते. आयर्विन पुलाजवळ पाणी मोजतात : ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीचा माणूस भेटला की "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारत नाही. "आयर्विनला किती झालं?" असं विचारतो.

भुताखेतांच्या सिनेमांचेही नेमके हेच दोन प्रकार आहेत. भूकंपी सिनेमात कपाटाचं दार उघडतं, अंगावर मांजर येतं आणि त्याच क्षणी वाद्यवृंदातले सगळे वादक आपापल्या वाद्यावर पडतात. पुराच्या सिनेमात बराच वेळ काहीच होत नाही. नुसता रिकामा पाळणा हलतो. मग तो हलायचा थांबतो. आणि तो का थांबला, या विचारानं आपल्या घशातलं पाणी सुकतं.

मला या सिनेमांचं जुनं व्यसन आहे आणि त्याचं मूळ जिल्हाभक्तीत आहे. रामसे बंधूंच्या भुतांचं खातं ज्या सिनेमानं उघडलं, तो 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) आमच्या महाबळेश्वरात चित्रित झाला. वडील फत्तेचंद आणि त्यांचे सात मुलगे. एकानं लिहायचं, एकानं कॅमेरा धरायचा, एकानं आवाज पकडायचा, दोघांनी दिग्दर्शन करायचं. सात भावांची इतकी एकी वडिलोपार्जित जमिनीवरून कधी झालेली पाहिली नाही. दोन गज जमिनीखालून मात्र झाली!

हिनं चाळीस वर्षांत यातला एकही सिनेमा पाहिला नव्हता. मुलानं पुण्याहून येऊन टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं, माझी रात्रपाळी सुरू झाली, आणि एके दिवशी ही म्हणाली, "अहो, तुम्ही एकटेच बसून दचकत असता. मलाही दाखवा की एकदा, काय असतं ते. पण पहिला सिनेमा जरा नीट निवडा."

वाचकहो, "नीट निवडा" हे दोन शब्द वाटतात तितके सोपे नाहीत. साडी नीट निवडली नाही तर ती बदलून मिळते. इथं एका माणसानं आपली भीती तुमच्या ओंजळीत ठेवलेली असते. पुढं काय येणार हे तुम्हांला ठाऊक आणि तिला ठाऊक नाही. म्हणजे तुम्ही धरणावर आणि ती पुलाखाली! आपल्या माणसाला मुद्दाम, करमणूक म्हणून घाबरवावं का? आणि घाबरवायचंच तर किती? नीतिशास्त्राच्या जाड जाड पुस्तकांत चोरी, खोटं बोलणं, हिंसा यांच्यावर प्रकरणं असतात. बायकोला कुठलं भूत आधी दाखवावं, हे मात्र ज्यानं त्यानं आपापलं ठरवायचं.

माझ्या एका मित्राचं मत असं, की आधी काही सांगायचंच नाही. "सांगितलंस तर मजा काय राहिली?" हा गृहस्थ दाराआडून 'भॉ' करणाऱ्या पंथाचा आहे. त्याची बायको आता त्याच्याबरोबर नाटकालासुद्धा जात नाही.

त्याच्या मताला उत्तर हिच्या माहेरीच आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत. भाव्यांच्या त्या पद्धतीच्या नाटकांत सूत्रधार रंगभूमीवर उभा राहून पुढचं कथानक आधीच पदांतून सांगून टाकत असे. शिवाय रामायण सगळ्यांना पाठ. रावण येणार, आणि शेवटी हरणार, हे पोरासोरांना ठाऊक. तरीही राळेचा भपका उडवत, आरोळ्या ठोकत राक्षस आला की मंडळींची गाळण उडायची. त्या आरोळ्यांवरूनच तर 'अललडुर्र' हे नाव पडलं. म्हणजे सूचना देऊन घाबरवण्याची कला सांगलीला पावणेदोनशे वर्षांपासून अवगत आहे. पुढं आल्फ्रेड हिचकॉकनं तेच इंग्रजीत सांगितलं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. बॉम्ब आहे हे त्याला आधी सांगितलं, तर तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. सांगितल्यानं भीती कमी होत नाही. फक्त ती ज्याची त्याच्या मालकीची होते.

दुसरा प्रश्न मधूनच उठून जाण्याचा. अमेरिकेत विल्यम कॅसल नावाचा एक बेरकी निर्माता होऊन गेला. त्याच्या 'मकाब्र' (१९५८) या सिनेमाच्या प्रेक्षकाला भीतीनं मरण आल्यास एक हजार डॉलर मिळतील, असा विमाच त्यानं उतरवला होता. पुढं 'होमिसायडल' (१९६१) मध्ये शेवट जवळ आला की पडद्यावर ४५ सेकंदांचं घड्याळ लावलं. ज्याला पुढचं सोसणार नाही त्यानं उठावं आणि पैसे परत घ्यावेत. किती उदार माणूस, असं वाटतं ना? पण पैसे घेण्यासाठी बाहेरच्या दालनात 'भित्र्यांचा कोपरा' अशी पाटी लावलेल्या जागी सगळ्यांदेखत उभं राहावं लागे. दार उघडं, पण उंबऱ्यावर लाज आडवी घातलेली! संसारात असे कोपरे पुष्कळ असतात. "एवढ्याशाला काय घाबरायचं?" हे वाक्य ज्या घरात नेहमी उच्चारलं जातं, त्या घरात भित्र्यांचा कोपरा पाटी न लावताच बांधलेला असतो. म्हणून मी पहिला नियम केला : रिमोट हिच्या हातात. ज्याला घाबरायचंय, त्याच्याच हाती नळाची तोटी.

आता निवड. मी यादी करून बसलो. 'झपाटलेला' (१९९३) आधीच बाद, कारण मुलांबरोबर तो पाहताना ही पोट धरून हसली होती. तात्या विंचूला महाराष्ट्रात कुणी भीत नाही, उलट त्याची विचारपूस करतात. 'बीस साल बाद' (१९६२) छानच, पण त्यात शेवटी भूत नसतंच. पुरणपोळीचा वास दाखवून भाकरी वाढल्यासारखं होतं ते. 'पुराना मंदिर' (१९८४) मध्ये सामरी नावाचा भक्कम सैतान आहे, पण तो जरा रंगात आला की जगदीप येऊन 'शोले'ची नक्कल करून जातो. रामगोपाल वर्मांच्या 'भूत' (२००३) मध्ये गाणी नाहीत, विनोद नाही, सगळं चोख. पण भूत राहतं मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणि आमचा मुलगा राहतो पुण्यात अकराव्या मजल्यावर. दर दिवाळीला तिथं जायचं असतं. ज्या जागी माणसाला उद्या झोपायचंय, त्या जागेत आज भूत सोडू नये, हा माझा दुसरा नियम.

ही यादी मी हिला ऐकवू लागलो. हिनं भडंगाचा डबा मांडीवर घेतला आणि विचारलं, "ते सगळं राहू द्या. किती फुटांचा आहे तेवढं सांगा."

चाळीस वर्षांच्या सहवासात माझ्या डोक्यात न आलेलं मोजमाप हिनं एका क्षणात काढलं. मग काय, आम्ही सगळे सिनेमे आयर्विन पुलाला उभे केले. 'झपाटलेला' १२ फूट. 'बीस साल बाद' २२. 'पुराना मंदिर' ३५, पण जगदीप आला की पाणी पाच फुटांनी ओसरतं. 'भूत' ४१, म्हणजे इशारा. 'तुंबाड' (२०१८) ४४.

"मग 'तुंबाड'च लावा," ही म्हणाली. "चाळीस फुटांपर्यंत तर आम्ही सांगलीकर पुलावर पाणी बघायला जातो!"

मी सूत्रधाराच्या कर्तव्याला जागून सांगितलं, की यात एक म्हातारी आहे, एक हस्तर आहे आणि जवळजवळ सगळा वेळ पाऊस आहे. म्हातारी आणि हस्तर हिनं भडंग खात पचवले. म्हातारीचं रूप पाहून मी नजर वळवली, तर ही म्हणते, "अहो, इतकी वर्षं तिला आंघोळ कुणी घातली नसेल हो." पण पाऊस काही थांबेना, तशी ही सावरून बसली. दोनदा रिमोट उचलून खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "एवढा पाऊस पडतोय आणि खालच्या गावांना कुणी कळवत नाही का?"

तेव्हा मला ऑगस्ट २०१९ आठवला. आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हिचा भाऊ गावभागात वरच्या मजल्यावर अडकलेला, फोन लागत नव्हता. आम्ही साताऱ्यात कोरड्या घरात बसलो होतो आणि टीव्हीवर कोयनेतून सोडलेल्या पाण्याचे आकडे येत होते. कोयना आमच्या जिल्ह्यातली. ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढं हिच्या माहेरी जातं. पुराचं खापर कोयनेवर फोडायचं की अलमट्टीवर, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. त्या तीन दिवसांत ही एकदाही किंचाळली नाही. फक्त दर तासाला "आता किती?" एवढंच विचारत होती. जिला मी 'या प्रकारात नवखी' समजून सिनेमा निवडत होतो, तिचा भीतीतला अनुभव असा होता.

'तुंबाड'नंतर आठवड्याभरानं हिनंच 'लपाछपी' (२०१७) मागितला. "उसातला आहे ना? मग आपलाच की." मी म्हणालो, "हा पंचेचाळिसाच्या वर आहे. किती वर, ते मला सांगता येणार नाही. यात एक गरोदर बाई आहे आणि पोटातल्या मुलींची गोष्ट आहे." "चालेल," ही म्हणाली. भडंगाचा डबा मात्र तिनं आत नेऊन ठेवला.

सिनेमा संपला. बराच वेळ आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत होतो. मग ही एकच शब्द बोलली, "म्हैसाळ." मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. सिनेमा त्याच वर्षीच्या जुलैतला. हिच्या माहेराहून म्हैसाळ फार दूर नाही. "त्यांना कुणी कसलाच इशारा दिला नाही," ही म्हणाली आणि दिवा लावायला उठली.

खऱ्या आणि खोट्या भीतीतला फरक मला हा वाटतो. भूत खरं की खोटं, यावर तो ठरत नाही. खऱ्या भीतीत रिमोट दुसऱ्याच्या हातात असतो. तिथं ४५ सेकंदांचं घड्याळ लावत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत. मग करमणुकीची भीती हवीच कशाला? मला वाटतं, सवयीसाठी. अंधारात शेजारी कुणी आहे, पाणी किती आलंय ते तो खरं सांगतोय, आणि मी "पुरे" म्हटलं की तो हसणार नाही, या तीन गोष्टींची सवय. ती सिनेमाच्या वेळी झाली, तर ५७ फुटांच्या वेळी उपयोगी पडते. तेव्हा आपल्या माणसाला घाबरवावं का? खुशाल घाबरवावं. पण दरवाजे किती उचलणार ते आधी कळवून, आणि सोडलेलं पाणी ओसरेपर्यंत स्वतः पुलाशी उभं राहून.

हे तत्त्वज्ञान मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, "पटलं. आता पुढचा सिनेमा मी निवडणार. 'माहेरची साडी'."

मी घाबरून विचारलं, "किती फूट?"

"ते मोजायच्या भानगडीत पडू नका," ही म्हणाली. "पंचा घेऊन बसा."