सोपा उतार

पुलाचा जिनासुद्धा कठडा धरून उतरणारा मी, पण एल. टी. सी. फुकट जाऊ नये म्हणून गुलमर्गला, साडेआठ हजार फुटांवर, पायांना स्की बांधून उभा राहिलो. तेरा हजारांपर्यंत नेणाऱ्या गोंडोलाकडे शिकवणाऱ्या पोराने मला बघूही दिलं नाही. त्याने हेरलेला उतार असा, की सांडलेला चहाही विचार करून वाहावा. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, अशा फेंगड्या अवस्थेत मी घसरलो. खाली जमीनच सपाट होत होती. म्हणजे थांबवलं जमिनीने आणि शाबासकी मला!

हा धीर खरा की उसना? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, पगाराच्या तारखेला, मला थेट कॅशवर बसवलं होतं. पाण्यात पडलं की पोहता येतं, हे साहेबांचं तत्त्व. चारशे रुपये कमी आले, ते खिशातून भरले. आणि पुढे तीन वर्षं नोटा मोजताना हात कापायचे. तो उतार मात्र अगदी खरा होता हो!

घरी आल्यावर सौ.ने काढलेले फोटो पाहिले. मी आपला पायांकडे बघण्यात गर्क. पोराने दर खेपेला न सांगता दहा-दहा पावलं वरून सोडलं होतं. फसवणूकच ही. पण तक्रार करायची कोणी? शेवटच्या फोटोतला इसम कशालाही न धरता उभा आहे, आणि चक्क हसतोय.