जीवासाठी जीव : उंदराची महाधमनी आणि अहिंसेचा विचार
हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिची भिंत दुबळी होऊन एखाद्या ठिकाणी फुगत गेली की त्या विकाराला धमनीविस्फार म्हणतात, आणि ती फुटली तर रोगी बहुधा वाचत नाही. या विकाराच्या अभ्यासासाठी जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या त्वचेखाली लहानसा पंप बसवून अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारे संप्रेरक साधारण २८ दिवस शरीरात सोडले जाते. पूर्वी धमनी किती फुगली हे पाहण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारावे लागत. आता भूल दिलेल्या उंदराला उबदार पाटावर ठेवून अतिउच्च वारंवारतेच्या सोनोग्राफीने जेमतेम एक मिलिमीटर रुंदीची ती धमनी मोजता येते, आणि तोच उंदीर पुनःपुन्हा तपासता येत असल्यामुळे कमी प्राण्यांत काम भागते.

संख्या घटली म्हणजे हिंसा टळली असे मात्र म्हणता येत नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील असंख्य घरांत जिचे पारायण होते त्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी यज्ञातील पशुवधाबरोबरच वैद्यकाचाही हिशेब मांडला आहे : एका जीवाच्या रक्षणासाठी दुसऱ्याचा घात करणे त्यांना नांदती घरे मोडून देव्हारे उभारण्यासारखे वाटले. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात ज्या जैन परंपरेनुसार उपासना चालते, तिने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले असून जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा त्याने सोडलीच पाहिजे असे सांगितले आहे. प्रयोगशाळेत रोग ठरवून निर्माण केला जातो, म्हणून हेतू उदात्त असला तरी ही हिंसा संकल्पीच्या अगदी जवळ जाते; शिवाय ज्या उंदराला वाचवले असे आपण म्हणतो तो वाढता रोग घेऊन जगतो, वारंवार भूल सोसतो, आणि काहींची धमनी प्रयोग संपण्याआधीच फुटते.

प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा, १९६० हा जीव वाचवणाऱ्या ज्ञानासाठी प्रयोगांना वाव देतो, तथापि कायद्याची संमती म्हणजे निर्दोषत्व नव्हे. मानवी लाभाचा आधारही डळमळीत आहे. मार्फान या आनुवंशिक विकाराच्या उंदरांत लोसार्टानने महाधमनीची वाढ रोखल्याचे २००६ मध्ये दिसले, परंतु २०१४ च्या मोठ्या मानवी चाचणीत हे औषध जुन्या अटेनोलॉलपेक्षा सरस ठरले नाही. म्हणूनच ज्ञानेश्वरांप्रमाणे हिंसेला हिंसाच म्हणणे, आणि ती पत्करलीच तर मोजमाप करणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध मिळाले हे कळू न देणे, फसलेले प्रयोगही प्रसिद्ध करणे व उत्तर आधीच ठाऊक असेल तेथे नव्या उंदराला हात न लावणे, हे संशोधकाचे किमान ऋण ठरते.