आधी तेल, मग पंप

मृग बरसला, लातूर-नांदेडच्या काळ्या रानात वाफसा आला, अन् जुन्या मॅसी फर्ग्युसनची लिफ्ट तिफण उचलीना, की आपण म्हणतो, 'पंप गेला!' कार्य दिसले. पण कारण शोधले काय? या ट्रॅक्टरात मागच्या पेटीतले एकच तेल गिअरला अन् लिफ्टला पुरते. म्हणून आधी पट्टीवर तेल पाहावे. दुधाळ दिसले, तर पाणी शिरले. लिफ्ट धक्के देते, तर तेल कमी किंवा हवा ओढली जाते. चढून हळूहळू उतरते, तर सील वा व्हॉल्व्ह गळतो. गिअर टाकताना करकरला, तर क्लच पुरता सुटतो का पाहावे. मग तेल काढून गाळणी धुवावी; पंप खोलणे शेवटी. परंतु बाबांनो, उचललेल्या अवजाराखाली हात घालू नका. ते भुईला टेकवा, इंजिन बंद करा, मगच पाहा. वाफसा पुन्हा येईल. गेलेला हात येत नाही.